पस्तित्सादा : कॉर्फू बेटावरचा कोंबडा आणि मॅकरोनी

कोजागिरीला मंडळाच्या गच्चीवर दूध आटायची वाट बघत बसलो होतो, तेव्हा ग्रीसमध्ये खाल्लेल्या एका पदार्थाचा विषय माझ्याकडून निघाला. तेव्हापासून भेटेल तो विचारतो, "त्या मॅकरोनीची कृती पाठवा ना!" दोन-तीन जणांना व्हॉट्सॲपवर चार ओळी पाठवल्याही. त्यांनी केले आणि मला कळवले की छान झाले, अगदी आपल्या कोंबडीच्या रश्श्यासारखे लागले. ते ऐकून मी कपाळाला हात लावला. रश्श्यासारखे लागले म्हणजे कृती सांगणाऱ्याचे चुकले. म्हणून आता सविस्तर लिहितो.

पदार्थाचे नाव पस्तित्सादा. ग्रीसच्या पश्चिमेला आयोनियन समुद्रात कॉर्फू नावाचे बेट आहे (ग्रीक लोक त्याला केर्किरा म्हणतात), तिथली ही रविवारची आणि सणावाराची थाळी. कोंबडा किंवा गोमांस कांद्या-टोमॅटोत, दालचिनी-लवंगेच्या वासात तासन् तास मंद शिजवायचे, आणि त्या दाट लाल रसात जाड, पोकळ, लांब मॅकरोनी घोळवून वर मांसाचा तुकडा ठेवून वाढायचे. पस्तिच्यो नावाचा आणखी एक ग्रीक पदार्थ आहे, मॅकरोनी आणि खिम्याचे थर देऊन वर पांढरा सॉस घालून भाजलेला. नावे सारखी असल्याने बरेच जण दोघांची गल्लत करतात. आपण बोलतोय तो भट्टीत जात नाही, चुलीवरच होतो.

सारे ग्रीस हे खाते असे नाही. मांस तांबूस परतून टोमॅटोत मुरवण्याच्या प्रकाराला ग्रीसभर कोकिनिस्तो म्हणतात, म्हणजे 'लाल केलेले', आणि ते मॅकरोनीबरोबर घरोघरी होते. तांदळाच्या दाण्याएवढा पास्ता मांसाबरोबर मातीच्या भांड्यात भाजला की त्याला युवेत्सी म्हणतात. तो शब्द तुर्कीतून आलेला आहे. पस्तित्सादा मात्र कॉर्फूचीच, आणि तिच्यात तुर्की काही नाही. याचे कारण इतिहासात आहे. बाकीचा बहुतेक ग्रीस शतकानुशतके ऑटोमन तुर्कांच्या ताब्यात होता. कॉर्फूवर १३८६ पासून १७९७ पर्यंत व्हेनिसचे राज्य होते. तुर्कांनी १५३७ मध्ये आणि पुन्हा १७१६ मध्ये वेढा घातला, पण शहर पडले नाही. चारशे वर्षांहून अधिक काळ एका इटालियन नगरराज्याच्या छायेत राहिल्यावर जेवणावर त्याचा ठसा उमटणारच. व्हेनिसच्या मुलखात, विशेषतः व्हेरोना भागात, वाईनमध्ये मुरवलेल्या मांसाला पास्तिसादा म्हणतात. व्हेरोनाची प्रसिद्ध आहे ती घोड्याच्या मांसाची. नाव आणि पद्धत तिथून बेटावर आली आणि बेटाने ती आपल्या हिशेबाने बदलून घेतली. घोडा गेला, कोंबडा आला. टोमॅटो आणि लाल मिरची तर अमेरिकेतून आलेली, म्हणजे पदार्थाचा आजचा लाल रंग हा त्याच्या नावापेक्षा बराच धाकटा.

(१८१५ ते १८६४ या काळात तिथे इंग्रजांचा अंमल होता. त्याची खूण म्हणजे कॉर्फू शहराच्या मधोमध आजही क्रिकेट चालते; तिथे पहिला सामना १८२३ साली झाला. आमच्या चिरंजीवांनी मला तिथे नेले ते हेच आमिष दाखवून. जेवणाचा मोह तिथे गेल्यावर पडला.)

आता मसाल्याविषयी, कारण आपल्याला सगळ्यात जास्त फसवतो तो मसालाच. पस्तित्सादामध्ये दालचिनी, लवंग, मिरे, जायफळ, ऑलस्पाइस आणि लाल मिरचीची पूड पडते. काही घरांत चिमूटभर जिरे. कॉर्फूत याची तयार पूड मिळते, तिला स्पेत्सेरिको म्हणतात. हा शब्द औषधविक्याच्या दुकानावरून आला. व्हेनिसच्या राज्यात मसाले औषधांच्या दुकानात मिळत आणि दुकानदार आपापले मिश्रण कुटून देई. आपल्या बडोद्याच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. गुजरातीत गांधी म्हणजे मुळात असाच मसाले आणि औषधी जिनसा विकणारा दुकानदार.

आणि हे मसाले व्हेनिसला जात कुठून? मिरे आपल्याच मलबार किनाऱ्यावरून, दालचिनी सिंहलद्वीपातून, लवंग आणि जायफळ आणखी पूर्वेच्या मोलुक्का आणि बांदा बेटांवरून. अरब व्यापारी ते तांबड्या समुद्रामार्गे इजिप्तला नेत, अलेक्झांड्रियात व्हेनिसचे व्यापारी ते विकत घेत आणि त्यांची गलबते एड्रियाटिक समुद्रात शिरताना कॉर्फूवरून जात. या बेटासाठी व्हेनिसने इतका जीव टाकला तो याच वाटेवर पहारा ठेवण्यासाठी. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोचला आणि व्हेनिसच्या या मक्तेदारीला धक्का बसला, पण तोवर दालचिनी-लवंग कॉर्फूच्या पातेल्यात कायमची येऊन बसली होती.

गंमत बघा, पोर्तुगीजांनी गोव्याला व्हिनेगर-लसणात मुरवलेले मांस आणले, त्याचे आपल्याकडे विंदालू झाले. दोन्हीकडे दूरच्या दर्यावर्दी लोकांचे राज्य, दोन्ही पदार्थांत आंबट आणि गरम मसाला. पण चव एकमेकांच्या जवळपाससुद्धा येत नाही. विंदालूत मसाला वाटून मांसाला चोपडतात, तो पुढे येतो, मांस मागे राहते. पस्तित्सादात मसाला मागे उभा असतो. घास घेतल्यावर आधी मांस आणि कांद्याचा गोडवा लागावा, मग टोमॅटोचा आंबटपणा, आणि गिळल्यानंतर दालचिनीची आठवण यावी. हा क्रम उलटला की तो आपला रस्सा झाला.

माझा पहिला प्रयत्न असाच उलटला होता. प्रवासाहून आल्याबरोबर उत्साहाने केला. ब्रॉयलर कोंबडी आणली, सवयीने तिला आले-लसणाचे वाटण, हळद आणि दही लावून ठेवले, दालचिनी हात सैल सोडून घातली, आणि शेवटी वर कोथिंबीरही भुरभुरवली. कोंबडी अर्ध्या तासात सुटून तिचे दोरे झाले, रस पाण्यासारखा राहिला. सौ.ने दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "चव चांगली आहे हो, पण याला रस्साच म्हणा, उगाच ग्रीसला कशाला बदनाम करता?" तिचे बरोबर होते. आले, हळद, दही, कोथिंबीर यातले काहीही या पदार्थात नाही. घरात एकदा वाटणाची बाटली उघडली की हात आपोआप तिकडे जातो, म्हणून मी आता त्या दिवशी ती बाटली फ्रीजमध्ये मागे सारून ठेवतो.

त्यावरून मला प्रश्न पडला तो असा. आपण राहतो तिथे वाईन मिळत नाही, गोमांस नाही, ग्रीक चीज नाही. इतके वजा केल्यावर पस्तित्सादा उरते का? खात्यातून किती रक्कम काढली म्हणजे खाते बंद पडते, तसाच हा हिशेब. दोन-तीन वर्षे अधूनमधून करत राहिल्यावर माझे मत झाले आहे की उरते, नुसती उरत नाही तर चांगली उरते. पण काय वजा करायचे आणि काय नाही हे समजून घ्यावे लागते.

मांसापासून सुरुवात करू. कॉर्फूच्या हॉटेलांत बहुतेक ठिकाणी गोमांसाची पस्तित्सादा मिळते, परंतु तिथले कितीतरी लोक कोंबड्याचीच खरी मानतात. ग्रीक भाषेत कोंबड्याला कोकोरास म्हणतात, म्हणजे तिकडचा कोंबडाही आपल्यासारखाच आरवतो. तेव्हा इथे आपण तडजोड करतोय असे अजिबात नाही. मात्र कोंबडा म्हणजे कोंबडाच हवा, गावरान, वयाने वाढलेला, पायावर काटे आलेला. आपल्या कोंबडीवाल्याला 'देशी मुर्गा' म्हणून दोन दिवस आधी सांगून ठेवावे लागते. ब्रॉयलर जेमतेम सहा आठवड्यांचा असतो, त्याला चालण्या-फिरण्याची सवय नसते आणि त्याच्या मांसात चिवट तंतू तयारच झालेले नसतात. हे चिवटपण, म्हणजे सांध्यांभोवती आणि स्नायूंमध्ये असलेले कोलॅजन, हाच या पदार्थाचा आधार आहे. ते ओलसर आणि मंद उष्णतेत हळूहळू विरघळून जिलेटिन होते आणि रसाला तो ओठाला चिकटणारा दाटपणा देते. त्यासाठी वेळ लागतो, दोन तास तरी, कोंबडा म्हातारा असला तर तीन. ब्रॉयलर तीन तास ठेवला तर त्याचे काय होईल ते मी वर सांगितलेच आहे.

लहानपणी आजोळी पाहुणे आले की कोंबडा धरला जाई आणि तो चुलीवर दुपारपासून दिवेलागणीपर्यंत शिजे. आपल्या घरांतून ते शिजवणे गेले, कारण तो पक्षीच ताटातून गेला. कोंबडा मिळालाच नाही तर बोकडाचे मटण घ्यावे, पण खांद्याचे आणि नळीचे. मांडीचे मऊ तुकडे या कामाचे नाहीत.

वाईनचे म्हणाल तर कॉर्फूत काही घरांत लाल वाईन घालतात, काहींत व्हिनेगर, काहींत दोन्ही. आम्ही ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या आजीबाई व्हिनेगर घालायच्या. त्यामुळे दारूबंदीच्या राज्यात राहणाऱ्या माणसाला खंत करण्याचे कारण नाही. (ज्यांच्याकडे आरोग्याच्या कारणाने परमिट आहे त्यांनी ते पातेल्याच्या आरोग्यासाठी वापरावे की नाही, हे त्यांनी आणि त्यांच्या डॉक्टरांनी ठरवावे.) फक्त व्हिनेगर द्राक्षाचे किंवा सफरचंदाचे असावे. चायनीजच्या गाडीवर असते ते पांढरे सिंथेटिक व्हिनेगर नुसते आंबट असते, त्याला फळाचा वास नाही. वाईनमध्ये आंबटाबरोबर थोडा गोडवा आणि तुरटपणाही असतो, तो भरून काढायला कांदा जास्त आणि टोमॅटोची प्युरे नव्हे तर आटवलेली पेस्ट घालायची.

दालचिनीबद्दल एक सावधानी. आपल्या बाजारात दालचिनी म्हणून जी जाड, कडक साल मिळते ती बहुतेक वेळा कॅशिया असते. खरी सिंहली दालचिनी पातळ असते, कागदाच्या सुरळ्या एकात एक घातल्यासारखी दिसते आणि बोटांनी चुरडते. कॅशिया फार उग्र. माझ्या दुसऱ्या प्रयत्नात तीन काड्या घातल्या आणि घरभर दवाखान्याचा वास सुटला. कॅशिया असेल तर बोटभर लांबीचा एकच तुकडा, सिंहली असेल तर दोन. ऑलस्पाइस हे मसाल्यांचे मिश्रण नाही, अमेरिका खंडातल्या एका झाडाचे मिऱ्यासारखे फळ आहे. ते मिळाले नाही तर लवंग आणि जायफळ किंचित वाढवावे. कबाबचिनी म्हणून दुकानदार जे देतो ते दर वेळी ऑलस्पाइस असेलच असे नाही. तमालपत्र आपले घालू नये. ग्रीक लोक वापरतात ते वेगळ्या झाडाचे पान आहे आणि आपल्या तमालपत्राला स्वतःचाच दालचिनीसारखा वास असतो. परदेशी 'बे लीफ' मिळाले तर एक घाला, नाहीतर सोडून द्या, काही बिघडत नाही. लाल तिखटात रंगाला काश्मिरी आणि झणकेला थोडी रेशमपट्टी, एवढे पुरे.

ऑलिव्ह तेल मात्र मी सोडत नाही. व्हेनिसच्या राज्यकर्त्यांनी बक्षिसे देऊन कॉर्फूभर ऑलिव्हची झाडे लावून घेतली, आज सारे बेट त्या झाडांनी भरले आहे, आणि तिथला स्वयंपाक त्या तेलावरच चालतो. शेंगदाण्याच्या तेलात केले तर वास लगेच वेगळा येतो. महागडे 'एक्स्ट्रा व्हर्जिन' अर्ध्या वाटीहून थोडे कमी लागते, सहा माणसांत तेवढा खर्च परवडतो.

आता कृती, सहा जणांसाठी. पावणेदोन ते दोन किलोचा साफ केलेला गावरान कोंबडा घ्या, दहा मोठे तुकडे करून आणा, 'करी कट' नको. हाडाचा चुरा या पदार्थात दाताखाली आला तर सगळी मजा जाते. कांदा अर्धा किलो, बारीक चिरलेला. लसूण सहा पाकळ्या. पिकलेले लाल टोमॅटो पाऊण किलो, किसून साल टाकून दिलेले, आणि टोमॅटो पेस्ट दोन मोठे चमचे. व्हिनेगर तीन मोठे चमचे. ऑलिव्ह तेल ९० ते १०० मिली. दालचिनी वर सांगितली तशी, पाच लवंगा, सहा दाणे ऑलस्पाइस, एक लहान चमचा ताजे भरडलेले मिरे, पाव जायफळ किसून, काश्मिरी तिखट एक मोठा चमचा, रेशमपट्टी अर्धा लहान चमचा, चिमूटभर साखर. मीठ बेताने, कारण शेवटी चीज पडते ते खारट असते. मॅकरोनी अर्धा किलो.

पातेले जाड बुडाचे, रुंद, स्टीलचे किंवा कल्हई केलेले पितळी. लोखंडी कढईत टोमॅटो आणि व्हिनेगर इतका वेळ उकळले तर रस काळपट पडून धातूची चव येते. तुकडे धुऊन कापडाने अगदी कोरडे टिपावेत आणि मीठ लावून अर्धा तास ठेवावेत. तेल तापले की एका वेळी चार-पाचच तुकडे सोडायचे आणि त्यांना हलवायचे नाही. आपल्याला सतत उलथने फिरवायची खोड असते. इथे तुकडा बुडाला चिकटेल, मग त्याला तांबूस-तपकिरी पापुद्रा धरेल आणि तो आपोआप सुटेल, तेव्हाच उलटायचा. ओले तुकडे एकदम घातले तर पाणी सुटते, मांस परतण्याऐवजी उकडते आणि रंग येत नाही. कोकिनिस्तो म्हणा, पस्तित्सादा म्हणा, अर्धी चव या पापुद्र्यात आणि पातेल्याच्या बुडाशी धरलेल्या खरपुडीत असते. या कामाला वीस मिनिटे सहज जातात. सगळे तुकडे परतून बाजूला ताटात काढावेत.

त्याच तेलात कांदा. आच मंद. आपण रश्श्याला कांदा खरपूस तळतो तसा नाही, तो पारदर्शक होऊन, खाली बसून, मऊ सोनेरी व्हायला हवा. अर्धा तास लागला तरी चालेल. हा कांदा पुढे दिसताच कामा नये, रसात विरून गेला पाहिजे. मग लसूण, मिनिटभराने टोमॅटो पेस्ट, ती परतून रंग विटेसारखा गडद झाला की पातेले आचेवरून उतरवून तिखट आणि बाकीचा मसाला घालायचा. आचेवर घातले तर तिखट करपते आणि कडवट होते. तेल गरम असतेच, तेवढ्या उष्णतेत मसाल्याचा वास सुटतो. पुन्हा आचेवर ठेवून व्हिनेगर ओतायचे. नाकात झोंबेल, खिडकी उघडी ठेवा. लाकडी उलथन्याने बुडाची सगळी खरपुडी खरवडून रसात मिसळा.

आता कोंबड्याचे तुकडे, त्यांच्याखाली ताटात साचलेला रस, किसलेला टोमॅटो, साखर, आणि तुकडे तीन चतुर्थांश बुडतील इतके गरम पाणी. उकळी आली की आच इतकी कमी करायची की पृष्ठभागावर इथे एक बुडबुडा, तिथे एक, एवढेच दिसावे. झाकण थोडे फटीसह ठेवावे. दर अर्ध्या तासाने तुकडे वरखाली करून बघावे, पाणी फार कमी वाटले तर गरमच घालावे. दीड तासाने सुरी टोचून पाहावी. मांस हाडापासून मागे सरकलेले पण हाडाला धरून असलेले, ही खूण.

कुकरचा प्रश्न सगळे विचारतात. कुकरमध्ये मांस निश्चित मऊ होते आणि म्हाताऱ्या कोंबड्याला तेवढीच मदत होते. पण बंद कुकरातून वाफ बाहेर जात नाही, त्यामुळे रस आटत नाही, आणि चव जमायला रस आटणे आवश्यक आहे. घाई असेल तर परतणे-बिरतणे सगळे आधी नीट करून, पाणी निम्मे घालून, दाब आल्यावर मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे ठेवावे आणि मग झाकण उघडून चाळीस मिनिटे मंद उकळू द्यावे. परतायचे टाळून सगळे एकदम कुकरमध्ये कोंबून शिट्ट्या मोजणार असाल, तर त्यापेक्षा रस्साच करा, तो आपल्याला चांगला येतो.

मांस झाले की तुकडे काढून झाकून ठेवावेत, दालचिनी वेचून टाकावी, आणि रस उघड्या पातेल्यात आटवावा. ग्रीक बायका म्हणतात, रस 'तेलावर आला' पाहिजे, म्हणजे पाणी आटून कडेला तांबूस तेल दिसले पाहिजे. आपल्याकडे 'तेल सुटले' म्हणतो तीच ही खूण. दोन मुलखांच्या स्वयंपाकघरांत इतकी नेमकी सारखी खूण असावी याचे मला फार अप्रूप वाटले. चमच्याच्या पाठीवर रस बसला आणि बोटाने रेघ मारली असता ती मिटली नाही, की बस.

मॅकरोनीच्या बाबतीत आपण बहुतेक ठिकाणी हार खातो. कॉर्फूत वापरतात ती शेवेसारखी लांब पण पेन्सिलीपेक्षा बारीक, आतून आरपार पोकळ असते. इटालियन पाकिटांवर तिचे नाव बुकातिनी. रस त्या नळीत शिरतो, हे तिचे काम. ती मोठ्या दुकानांत मिळते. नाही मिळाली तर पेने चालेल, तीही पोकळ आहे. पाकिटावर ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेले बघून घ्या. आपल्या गुजरातेतला भालिया गहू याच ड्युरम जातीचा, त्याची लापशी कशी मोकळी होते ते सर्वांना माहीत आहे. मैद्याची स्वस्त मॅकरोनी रसात घातली की लगदा होतो. पाच लिटर पाण्यात ४० ग्रॅम मीठ घालून खळखळ उकळी आणा. मीठ ऐकून घाबरू नका, बहुतेक पाण्याबरोबर जाते. पाकिटावर दिलेल्या वेळेच्या दोन मिनिटे आधी निथळा, निथळताना एक वाटी पाणी राखून ठेवा. थंड पाण्याखाली धरू नका आणि तेल लावू नका. या दोन्ही गोष्टी आपल्याकडे हमखास करतात आणि त्यामुळे रस तिला चिकटतच नाही. गरम मॅकरोनी सरळ रसात टाकून, राखलेल्या पाण्याचा हबका मारून, मोठ्या आचेवर दोन मिनिटे घोळवा. त्या पाण्यातल्या पिठामुळे तेल आणि टोमॅटो एकजीव होतात. मॅकरोनीने रस पिऊन तांबूस रंग घेतला पाहिजे. पांढऱ्या मॅकरोनीच्या ढिगावर रस ओतून वाढले तर ती पस्तित्सादा नाही.

खोलगट थाळीत मॅकरोनी, वर कोंबड्याचा एक मोठा तुकडा, त्यावर चमचाभर रस आणि किसलेले चीज. तिकडे मेंढीच्या किंवा शेळीच्या दुधाचे केफालोतिरी नावाचे कडक खारट चीज घालतात. इथे पार्मेझान जवळचे पडते. सँडविचचे मऊ प्रोसेस्ड चीज घालू नका, त्याची तार ओढली जाते आणि खारटपणा येत नाही. त्यापेक्षा चीज न घातलेले बरे.

आपल्या मंडळात शाकाहारी घरे पुष्कळ आहेत, त्यांनीही विचारले. मशरूम किंवा वांगे याच मसाल्यात करता येते आणि ते रुचकर लागते, पण पाऊण तासात होते. त्याला जिलेटिनचा दाटपणा येत नाही, म्हणून टोमॅटो पेस्ट वाढवावी. फक्त त्याला पस्तित्सादा म्हणू नये असे माझे मत. आणि पार्मेझानमध्ये बहुधा प्राणिज रेनेट असते, तेव्हा काटेकोर शाकाहारी असाल तर पाकीट वाचून घ्या.

एक कबुली द्यायची राहिली. मी चिमूटभर साखर लिहिले आहे, पण घालतो चमचाभर. आमटीत साखर घालतो म्हणून पुण्याचे नातेवाईक आपल्याला तीन पिढ्या हसत आले आहेत, तिथे कॉर्फूवाल्यांचे काय घ्या! घरी सगळ्यांना तशीच आवडते.

पदार्थ आदल्या दिवशी करून ठेवला तर उत्तमच. रस रात्रभरात मुरतो, फ्रीजमध्ये जेलीसारखा थिजतो. तसा थिजला म्हणजे कोंबडा खरोखरच देशी होता असे समजा. मॅकरोनी मात्र ऐन वेळी उकडायची. एवढे करून रस उरलाच तर आमच्याकडे दुसऱ्या दिवशी तो ज्वारीच्या भाकरीबरोबर संपतो. हे मी कॉर्फूच्या त्या आजीबाईंना कळवलेले नाही.